शेअरच्या वेडापासून बिटकॉइनपर्यंत

नांदेडच्या किंवा लातूरच्या मोंढ्यात शेतकरी सोयाबीन घालतो, तेव्हा त्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती, हे सारे तिच्यावर लिहिलेले असते. भाव पडला तर माणूस हळहळतो. पण कोठे काय गेले हे त्याला कळते. हाच शेतकरी, किंवा शहरात शिकावयास राहिलेला त्याचा मुलगा, कोणा ओळखीच्या माणसाच्या शब्दावर बिटकॉइनच्या योजनेत पैसे घालतो, तेव्हा मात्र तो अशी पट्टी मागत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील बंदरे उत्तरेच्या आरमाराने रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांत बॅकबे कंपनीचा बोलबाला मोठा. तिचा पाच हजारांचा शेअर कित्येक पट किमतीला जाऊ लागला. घेणारे समुद्र किती बुजला हे पाहावयास जात नव्हते. ते प्रेमचंद रायचंद या बड्या दलालाकडे पाहत होते. शेठजींनी घेतला ना? मग झालं! एवढ्यावर सौदे होत.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण गेला. कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी पैसे द्यावयास कोणी उरला नाही. शेअर तारण ठेवून कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेसुद्धा १८६८ साली मोडीत निघाली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. खुद्द प्रेमचंदही बुडाले. म्हणजे भुलविणारा प्रत्येक वेळी लबाडच असतो असे नाही. कधी तो स्वतःही भुललेला असतो. पण शेवटी आलेल्याचे नुकसान त्याने कमी होत नाही.

आता अलीकडचे पाहा. २०१५ साली अमित भारद्वाज यांनी 'गेनबिटकॉइन' नावाची योजना काढली. बिटकॉइन आमच्याकडे ठेवा, दरमहा दहा टक्के, असे अठरा महिने देऊ, असे तिचे आश्वासन होते. साधा हिशेब करा : एका नाण्याची दीड वर्षात एक पूर्णांक आठ दशांश नाणी. आमची यंत्रे नवी नाणी काढतात, त्यातून हे पैसे येतात, असे सांगितले जाई. नव्या माणसाला त्या यंत्रांतले काय कळणार? शिवाय नवीन सभासद आणणाऱ्याला दलाली होती. त्यामुळे आग्रह करणारा परका नसे. तो मेहुणा असे, मित्र असे. 'आम्हाला पैसे यायलेत, तुम्ही का थांबलाव?' या बोलण्यात खोटे काहीच नसते. त्याला पैसे खरोखरच येत असतात. ते कोणाचे, हे मात्र त्यालाही ठाऊक नसते.

पुढे बिटकॉइन देणे जमेना, तेव्हा 'एमकॅप' नावाचे स्वतःचेच, फार कमी मोलाचे नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले, असा तपासयंत्रणांचा आरोप आहे. एकट्या २०१७ सालात ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा झाले, असे अंमलबजावणी संचालनालय सांगते. एप्रिल २०१८ मध्ये भारद्वाज यांना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये ते वारले. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे सीबीआयकडे सोपविली. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशात साठांहून अधिक ठिकाणी झडत्या झाल्या; त्यांत दिल्ली-पुण्याबरोबर आपले नांदेडही होते.

दोहोंत फरक आहे. १८६५ च्या मुळाशी खरा कापूस होता, खरी जमीन होती. परंतु लोक फसले ते एकाच वाटेने : वस्तू न पाहता माणूस पाहिला. तेव्हा निदान भाव रोज उघड पुकारला जाई. येथे मात्र अठरा महिने थांबल्याशिवाय खरेखोटे कळण्याची सोयच नव्हती. आणि आपल्या भागात एक गोष्ट अधिक आहे. पैसे बुडाले तरी माणूस पोलीसचौकीत जात नाही, कारण तक्रार करावयाची ती सोयऱ्याविरुद्ध. चारचौघांत हसे होईल, नाते तुटेल, म्हणून तो गप्प बसतो. आणि त्याच्या गप्प बसण्याने पुढचा नवा माणूस सापडतो.

तेव्हा उद्या कोणी, मग तो मोबाईलच्या पडद्यावरचा नामांकित वक्ता असो की घरचा पाहुणा, पैसे घाला म्हणाला, तर त्याला संकोच न करता दोन प्रश्न विचारावेत. मी आलो तर तुम्हाला काय मिळते? आणि मला द्यावयाचे पैसे कोठून येतात? मोंढ्यात आपण पट्टी मागतो, तेव्हा आडत्याला राग येत नाही. येथे ज्याला राग येईल, त्याच्याकडे पैसे न घातलेलेच बरे.