टीसीएल पावडरची कुळकथा

नांदेड-लातूरकडच्या गावांत पावसाळा लागला, की ग्रामपंचायतीत टीसीएलची चौकशी सुरू होते. जलसुरक्षक पावडर बादलीत कालवतो, वरची निवळी टाकीत सोडतो आणि नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या तपासणीच्या द्रावणाचे) थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहतो. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, उष्ण हवेत ताकद टिकावी अशा रीतीने बनवलेली ब्लीचिंग पावडर. आपल्या मनात ती पिण्याच्या पाण्याशी जोडली गेली आहे. तिचा जन्म मात्र कापडासाठी झाला आणि टाकीत येण्याआधी तिने गटारं पाहिली.

१७७४ मध्ये स्वीडनच्या कार्ल शील यांनी क्लोरीन वायू तयार केला. त्याने रंग उडतो हे ध्यानात आल्यावर फ्रान्सच्या बर्थोले यांनी तो कापड पांढरं करायला वापरला. एरवी कोरं कापड कित्येक आठवडे गवतावर उन्हात पसरावं लागे. पण वायू हाताळणं जिवावरचं काम होतं. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ मध्ये चुन्यात क्लोरीन मुरवून केलेल्या कोरड्या पावडरीचं पेटंट घेतलं. आता क्लोरीन पावडरीच्या रूपात कुठेही नेता येऊ लागला.

पावडरीचं दुसरं आयुष्य दुर्गंधीमुळे सुरू झालं. वासातूनच रोग पसरतो, असा त्या काळी समज होता. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनची थेम्स मैल्याने इतकी कुजली, की पार्लमेंटचे पडदे या पावडरीच्या पाण्यात भिजवून लावले गेले. कारण चुकीचं धरलं होतं, उपाय मात्र हाती लागला होता. त्याआधी, १८४७ मध्ये, व्हिएन्नाच्या सूतिकागृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनीही शवविच्छेदनगृहातून येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांचा वास घालवण्यासाठी ते याच पाण्याने धुवायला लावले. एप्रिलमध्ये बाळंतिणींचं मृत्युप्रमाण १८ टक्क्यांच्या घरात होतं. जूनमध्ये ते सुमारे २ टक्क्यांवर आलं. पुढे जंतूंचं शास्त्र उभं राहिलं आणि पावडर नेमकं काय मारते ते उलगडलं. १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या पाणलोटातल्या ब्रूस्टर गावी सांडपाण्यात क्लोरीन सोडण्याची व्यवस्था झाली. खालच्या शहराचं पाणी वाचवायचं, तर वरच्या गावाचं गटार आधी निर्जंतुक करायचं, हा विचार त्यामागे होता. जर्सी सिटीच्या नळांना कायमचा क्लोरीन मिळाला तो १९०८ मध्ये.

महाराष्ट्राने या कुळात स्वतःची भर घातली. नागपूरच्या नीरी संस्थेने विहिरींसाठी दुहेरी मडक्याची पद्धत काढली. एक किलो पावडर आणि दोन किलो जाडी वाळू ओली करून आतल्या मडक्यात भरायची, ते मोठ्या मडक्यात ठेवायचं आणि दोरीने विहिरीत सोडायचं. मडक्यांच्या छिद्रांतून क्लोरीन हळूहळू झिरपतो आणि घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतो.

आता या पावडरीपुढे नवं काम आहे: औषधांना दाद न देणारे जंतू सांडपाण्यातच मारण्याचं. १९२८ साली लंडनमध्ये दोन शोध लागले. फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं आणि ग्रिफिथ यांनी दाखवलं, की मेलेल्या जंतूचा गुण जिवंत जंतू उचलू शकतो. पहिल्या शोधाने प्रतिजैविकांचं युग आणलं. ते युग कसं संपू शकतं, याचा एक धागा दुसऱ्या शोधात होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या पाहणीत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ हे जनुक आढळलं. कार्बापेनेमसारखी राखीव औषधं निकामी करणारं हे जनुक दवाखान्याच्या भिंतीबाहेर, रस्त्याकडेच्या डबक्यांत पोचलं होतं.

प्रतिजैविक जंतूच्या एखाद्या ठरावीक जागी वार करतं. तेवढी जागा बदलली, की जंतू वाचतो. क्लोरीन त्याचं आवरण, प्रथिनं, जनुकं अशा सगळ्यांवर एकदम तुटून पडतो. म्हणून औषधाला न जुमानणारे जंतूही पुरेशा क्लोरीनने मरतात. मात्र मैलापाण्यातली घाण आणि अमोनिया क्लोरीन आधीच खाऊन टाकतात. शिवाय जंतू मेला, तरी त्याच्या जनुकाचे तुकडे पाण्यात उरू शकतात आणि ग्रिफिथ यांनी पाहिलेला प्रकार पुन्हा घडू शकतो. अतिनील किरण थेट जनुकावरच आघात करतात. पण त्यासाठी पाणी नितळ लागतं आणि जंतू मारायला पुरते त्याहून मोठी मात्रा लागते. त्यामुळे क्रम बदलता येत नाही. आधी गाळ आणि घाण काढायची, मग मोजून मात्रा द्यायची आणि ती मुरायला वेळ द्यायचा. क्लोरीन मनमानी ओतला, तर नदीतले मासे मरतात.

मराठवाड्यात हे तातडीचं आहे. नांदेडच्या नाल्यांचं पाणी गोदावरीत मिसळण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं गाजतो आहे. लातूर मांजरेच्या खोऱ्यात येतं, आणि मांजरा पुढे तेलंगणात कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं टाळता येणार नाही. ते शेतात जाणार असेल, तर त्यातून काय जातं आहे हे कळायलाच हवं. केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातल्या विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतूंवर मर्यादा आहे. त्यातले औषधांना दाद न देणारे किती, हे त्या आकड्यातून कळत नाही. ती मोजणी सुरू झाली पाहिजे, आणि सुरुवात मोठ्या रुग्णालयांच्या सांडपाण्यापासून व्हावी. राखीव औषधं मुख्यतः तिथेच वापरली जातात आणि पाणी अजून शहराच्या गटारात पसरलेलं नसतं. ब्रूस्टरचा नियम इथेही तोच आहे: जिथून रोग निघतो, त्याच्या तोंडाशीच त्याला अडवायचं. नदीत गेल्यावर ते काम प्रत्येक खालच्या गावाला वेगळं करावं लागतं.