उशाशी बसलेला हात

१९५२च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण येत होते. ऐन भरात दिवसाला पन्नासेक. त्यांत लहान मुलं बरीच. काहींचे श्वासाचे स्नायूच लुळे पडलेले. रुग्णालयात अख्खं शरीर आत घेऊन श्वास चालवणारं यंत्र एकच होतं, छातीवर बसवायची यंत्रं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

२७ ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीवर वेगळा उपाय केला. गळ्याला छेद देऊन बसवलेल्या नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हाताने दाबत फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली.

आता प्रश्न हातांचा होता. पिशवी दाबणं थांबलं की श्वास थांबणार. मग वैद्यकीयच्या विद्यार्थ्यांना बोलावलं, पाळ्या लावल्या. एका वेळी सत्तरेक रुग्ण या हातांवर जगत होते. साथ ओसरेपर्यंत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी मिळून १,६५,००० तास पिशव्या दाबल्या. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

अतिदक्षता विभागाचा जन्म म्हणून ही गोष्ट सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या पोरांनी केलेलं दुसरं काम मागे राहतं. नळीमुळे रुग्णांना बोलता येत नव्हतं. विद्यार्थी उशाशी बसून वाचून दाखवत, खेळ खेळत. हवा कमी पडतेय, हे डोळ्यांच्या खुणेवरून ओळखत. हलता न येणाऱ्या, घाबरलेल्या मुलाजवळ तासन् तास एक माणूस असे, आणि तो फक्त त्याचाच असे.

याची किंमतही होती. रात्री वॉर्डातले दिवे मंद केलेले असत. पिशवी दाबली की मृत शरीराची छातीही वर येते. त्यामुळे आपला रुग्ण कधीच गेलाय, हे काही विद्यार्थ्यांना सकाळच्या उजेडात कळलं. त्यांचं वय विशी-बाविशीचं.

पुढे ते काम व्हेंटिलेटरने घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. एखादं काम यंत्राकडे सोपवणं हा माझा रोजचा धंदा. अशा वेळी आपण हाताचं एकच काम मोजतो. पिशवी दाबणं मोजलं गेलं. उशाशी बसणं कुठल्याच यादीत नव्हतं. २०२०-२१मध्ये आपल्याकडे व्हेंटिलेटर किती, याची रोज चर्चा होती. आतल्या माणसाशी बोलायला मात्र अनेक घरांतल्या मुलांना व्हिडिओ कॉलच उरला होता.

ऑक्टोबर २०२२मध्ये टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन सुरू झाली, नंबर १४४१६. मन जड झालं की तिथे फोन करता येतो. पलीकडे पाळीवर बसलेला एक माणूसच असतो. त्याची पाळी संपल्यावर त्याला 'तू कसा आहेस?' असं कोण विचारतं, हेही आता यादीत यायला हवं.