‘हे लेखी कुठे आहे?’

सरकारी वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळा कोट, आरोपीचा पिंजरा आणि साक्षीदाराची भंबेरी उडवणारा माणूस उभा राहतो. आमच्या नात्यातल्या एका आजींची तर मी निवृत्त होईपर्यंत समजूत होती की मी खुन्यांना फाशी देववतो. लग्नाकार्यात त्या मला जरा दबकूनच वाढायच्या. :-) खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एकही खुनी पाहिला नाही. पाहिल्या त्या नस्त्या. कर्जरोख्यांच्या, शासन हमीच्या, कुठल्यातरी महामंडळाला काढायच्या असलेल्या कर्जाच्या.

हे काम कसं चालतं ते घरच्यांना कधीच नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे थोडक्यात. राज्याला कर्ज काढायचं किंवा कुणाच्या कर्जाला हमी द्यायची तर ती राज्यघटनेच्या २९३ व्या कलमाच्या चौकटीत द्यावी लागते. सरकारचा करार २९९ व्या कलमाप्रमाणे राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या माणसाच्या सहीने व्हावा लागतो. विधी खात्यातला माणूस नस्ती उघडतो आणि अभिप्राय लिहायच्या आधी तीनच गोष्टी बघतो : हा अधिकार कुठून आला, कुणी वापरला, आणि ते कागदावर कुठे आहे. तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. “अहो, वरून सांगितलंय” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा रबरी शिक्का करून घ्यायला हवा होता. ‘वरून’ म्हणजे कोण, कधी, कोणत्या शब्दांत, ते नस्तीवर कधीच नसतं.

म्हणूनच आमच्या धंद्यातल्या माणसांना मुंदडा प्रकरण फार जवळचं वाटतं. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण फिरोज गांधींवर लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातला वकील जास्त महत्त्वाचा वाटतो. मोतीलाल सेटलवाड, देशाचे पहिले महान्यायवादी.

आधी प्रकरण काय होतं ते. १९ जानेवारी १९५६ रोजी संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. (आपले सी. डी., रायगडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं.) त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला २४५ लहानमोठ्या विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. लोकांनी मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी महिन्याला बाजूला टाकलेला पैसा आता एकाच तिजोरीत आला. राष्ट्रीयीकरणाचं मुख्य कारणच हे होतं की खासगी कंपन्यांचे मालक हा पैसा आपल्या खिशातला समजून वापरत होते.

आणि वर्षही पुरतं झालं नव्हतं तोवर, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या कलकत्त्याच्या सटोडियाकडून सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपास किमतीचे शेअर्स घेतले. जेसप, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन, आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास, वगैरे. मुंदडा तेव्हा कर्जात गळ्यापर्यंत बुडालेले होते. महामंडळाची स्वतःची गुंतवणूक समिती होती, पण तिला आधी विचारलंच गेलं नाही. व्यवहार ठरला तो अर्थखात्याचे प्रधान सचिव एच. एम. पटेल यांच्या सांगण्यावरून. डिसेंबरात फिरोज गांधींनी लोकसभेत हे सगळं उघड केलं. सत्ताधारी पक्षाचा खासदार, पंतप्रधानांचा जावई, आणि समोर आपल्याच सरकारचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी. जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला.

आता वकिलाची अडचण बघा. राज्यघटनेच्या ७६ व्या कलमाप्रमाणे महान्यायवादी भारत सरकारला कायद्याचा सल्ला देतो. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. म्हणजे व्यवहारात ज्यांच्या मर्जीवर राहायचं, त्याच मंत्रिमंडळातला एक माणूस आता चौकशीत अडकलेला. अशा वेळी सरकारचा वकील कुणाचा वकील? मंत्र्याचा? खात्याचा? की ज्यांचे हप्ते त्या सव्वा कोटींत होते, त्यांचा?

इंग्लंडमध्ये अॅटर्नी जनरल हा सत्ताधारी पक्षाचा राजकारणी असतो, सरकारबरोबर येतो आणि सरकारबरोबर जातो. आपल्याकडे हे पद पक्षाबाहेर ठेवलेलं आहे. पण घटनेत लिहिलेलं असणं वेगळं आणि कुणीतरी ते करून दाखवणं वेगळं. सेटलवाड आयोगापुढे उभे राहिले ते आयोगाला मदत करायला, मंत्र्याचा बचाव करायला नव्हे. त्यांनी साक्षीदार तपासले आणि त्यात खुद्द अर्थमंत्रीही होते. हा माणूस मुंबई प्रांताचा अॅडव्होकेट जनरल असताना १९४२ साली राजीनामा देऊन बाहेर पडलेला होता हे लक्षात घेतलं तर फारसं आश्चर्य वाटत नाही. पण दिल्लीत तेव्हा काही भुवया नक्कीच वर गेल्या असतील.

चौकशी मुंबईत, सगळ्यांसमोर झाली. इतकी गर्दी व्हायची की बाहेर उभ्या राहिलेल्या लोकांसाठी लाऊडस्पीकर लावावे लागले. विचार करा, शेअरबाजार, कलम आणि पोटकलम यांच्यावरची प्रश्नोत्तरं ऐकायला मुंबईकर रस्त्यावर उभे! रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांपासून स्टेट बँकेच्या अध्यक्षांपर्यंत सगळे साक्षीला आले.

त्या सगळ्या साक्षींच्या तळाशी प्रश्न एकच होता, आमचा नेहमीचा. आयुर्विमा महामंडळ कायद्याचं २१ वं कलम असं सांगतं की सार्वजनिक हिताच्या धोरणाबाबत केंद्र सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकतं आणि महामंडळाने त्यानुसार चालावं. पण ते निर्देश लेखी हवेत. कायदा करणाऱ्याने ‘लेखी’ हा शब्द शोभेसाठी घातलेला नाही. लेखी निर्देश दिला की देणाऱ्याचं नाव लागतं, तारीख लागते, आणि उद्या संसदेत कुणी विचारलं तर उत्तर द्यायला कोण उभं राहणार ते ठरतं. आणि या व्यवहारात असा निर्देश कुठेच नव्हता.

मग होतं काय? महामंडळाचे अध्यक्ष जी. आर. कामत. ते आयसीएस, पटेलही आयसीएस आणि वर अर्थखात्याचे सचिव. महामंडळाच्या लोकांचं म्हणणं, पटेलांचा शब्द आम्ही सरकारचाच शब्द मानला. पटेलांचं म्हणणं, मंत्र्यांच्या कानावर घातलं होतं आणि त्यांची संमती होती. मंत्र्यांचं म्हणणं, मी असली संमती दिलेलीच नाही. तीन माणसं, तिन्ही बुद्धिमान, आणि तिघांच्या मध्ये एक न लिहिलेला कागद. ज्याने कधी सरकारी कचेरीत काम केलंय त्याला हे वाचताना हसू येईल आणि लगेच पोटात गोळाही येईल.

कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठी ही खरेदी केली, असं एक कारण पुढे आलं होतं. ते टिकलं नाही. बाजार सावरायचा असेल तर बाजारात जाऊन खरेदी करतात. एका अडचणीत आलेल्या माणसाशी बंद खोलीत बोलून, त्याच्याच कंपन्यांचे शेअर्स त्याच्याचकडून घेत नाहीत. आणि समजा बाजार सावरलाही असता, तरी विमेदारांनी हप्ते भरले ते काय कलकत्त्याचा बाजार तोलून धरायला? मला वाटतं सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि सार्वजनिक पैशाशी संबंध असलेल्या प्रत्येक वकिलाने तो टेबलाच्या काचेखाली ठेवावा. पैसा सरकारच्या ताब्यात आहे म्हणून तो सरकारचा होत नाही.

सेटलवाडांनी मांडलं ते असं की सचिवाने मंत्र्याला न विचारता केलं असो की विचारून, खात्याच्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. सरकारच्या सर्वोच्च वकिलाने सरकारातल्या मंत्र्याबद्दल, जाहीर चौकशीत, लाऊडस्पीकरवरून! छागलांनी महिन्याभराच्या आतच अहवाल दिला आणि तोही हाच होता. सरकारने स्वायत्त महामंडळांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, करायचीच असेल तर लेखी निर्देश द्यायला कचरू नये. महामंडळावर नेमलेल्या सनदी अधिकाऱ्यांनी आपली निष्ठा महामंडळाशी आहे हे ओळखावं, वरिष्ठांपुढे आपला निर्णय गहाण टाकू नये. विमेदारांचा पैसा विमेदारांसाठीच वापरावा. फेब्रुवारी १९५८ मध्येच कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला.

इथे मला एक गोष्ट खटकते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. या गोष्टीची ‘भ्रष्ट मंत्री, शूर खासदार’ अशी सोपी मांडणी होते. कृष्णम्माचारींनी पैसे खाल्ले असं आयोगाने म्हटलेलं नाही. पटेल हे त्या पिढीतल्या अत्यंत कर्तबगार अधिकाऱ्यांपैकी एक होते. विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची तयारी गुपचूप आणि चोख झाली त्यात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्याने ही तिजोरी उभी करायला मदत केली, त्याच्याच शब्दावर तिचं दार उघडलं गेलं. चोरांपासून तिजोरी राखायला पोलीस आहेत. घाईत असलेल्या, स्वतःच्या हुशारीवर विश्वास असलेल्या भल्या माणसांपासून ती राखायला मात्र तो कंटाळवाणा ‘लेखी’ शब्दच लागतो, आणि तो आहे का हे विचारणारा एक वाईट माणूस. आमच्या खात्यात आम्हाला कुणी चहा विचारत नसे त्याचं कारण हेच असावं. असो.

पुढे काय झालं? मुंदडांना तुरुंगात जावं लागलं. जेसप, रिचर्डसन अँड क्रुडास आणि ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन या कंपन्या पुढच्या काळात सरकारच्याच पदरात आल्या. पटेल सरकारी नोकरीतून बाहेर पडले, गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या शिक्षणसंस्थेत रमले, राजकारणात आले, आणि १९७७ साली मोरारजींच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. कृष्णम्माचारी १९६२ मध्ये मंत्रिमंडळात परतले आणि १९६३ मध्ये पुन्हा अर्थमंत्री झाले.

आणि सेटलवाड? ते त्याच सरकारचे महान्यायवादी म्हणून १९६३ पर्यंत, म्हणजे आणखी पाच वर्षं, पदावर राहिले. त्यांना कुणी काढलं नाही. नेहरूंच्या खात्यावर लोक काय काय मांडतात, ही नोंद मात्र क्वचित सापडते.

त्यांच्यानंतर दफ्तरी आले आणि मग निरेन डे. डे यांच्या वाट्याला बँक राष्ट्रीयीकरणाचा १९७० चा खटला आला. समोर पालखीवाला, अकरा न्यायाधीशांचं खंडपीठ, आणि निकाल दहाविरुद्ध एक असा सरकारच्या विरोधात. त्यावर पुन्हा कधीतरी सवडीने लिहीन. आजींना तेवढं कुणीतरी समजावून सांगा की त्यातही कुणाला फाशी झाली नाही.