वारेतून फुप्फुसात

कोरिओकार्सिनोमा हा वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग. बाळंतपण, गर्भपात आणि विशेषतः द्राक्षगर्भ (वारेची द्राक्षांच्या घडासारखी सदोष वाढ) यांनंतर तो उद्भवतो. गर्भाशयाच्या भिंतीत शिरून आईच्या रक्तवाहिन्या गाठणे हे वारेच्या पेशींचे नेहमीचेच काम. इथे ते बेलगाम होते. गर्भाशयातले रक्त हृदयामार्गे आधी फुप्फुसांत जाते, म्हणून रोगही आधी तिथेच पोहोचतो. एक्स-रेवर तोफगोळ्यांसारख्या गोल सावल्या दिसतात, खोकल्यातून रक्त पडते, क्वचित छातीच्या पोकळीत रक्त साठते. त्याहून दुर्मीळ प्रकारात पेशींचे पुंजके फुप्फुसाच्या धमन्यांतच अडकतात आणि बाईला नुसता दम लागतो. अशा वेळी क्षयाची शंका आधी येते. काही महिन्यांपूर्वीच्या गर्भपाताची आठवण कोण काढतो!

जर्मनीत माक्स झेंगर यांनी १८८९ मध्ये ही गाठ आईच्याच ऊतींची मानली होती. १८९५ मध्ये फेलिक्स मार्शाँ यांनी ती वारेची असल्याचे दाखवले. वार गर्भापासून बनते, म्हणजे या गाठीत बापाचाही वाटा असतो. १९२०च्या दशकाअखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी लघवी उंदरांना टोचून गर्भधारणा ओळखण्याची चाचणी काढली. ही चाचणी ज्या संप्रेरकावर चालते, ते एचसीजी या कर्करोगातही लघवीत उतरते. गाठ मोजायला माप मिळाले, औषध मात्र नव्हते.

औषधाचा एक धागा परळला पोहोचतो. हाफकिन संस्थेत काम करताना ल्यूसी विल्स यांनी मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा पंडुरोग मार्माइट या यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे १९३१ मध्ये नोंदवले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. वेगाने वाढणाऱ्या पेशींना हे आम्ल लागते. अमेरिकेत लेडर्ली कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने या आम्लाला अडवणारी द्रव्ये बनवली, मेथोट्रेक्सेट त्यांतलेच.

१९५६ मध्ये बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी फुप्फुसातून रक्तस्राव होत असलेल्या, मरणाच्या दारात पोहोचलेल्या एका स्त्रीला मेथोट्रेक्सेट दिले. काही फेऱ्यांनंतर एक्स-रेवरची गाठ दिसेनाशी झाली. पण लघवीत थोडे एचसीजी उरते, तोवर रोग उरला आहे, असे धरून ली औषध देतच राहिले. धडधाकट दिसणाऱ्या बायकांना विष कशाला, हा वरिष्ठांचा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नव्हता. लींची नोकरी मात्र गेली. मध्येच औषध थांबवलेल्या रुग्णांत रोग उलटला, तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. १९७२ मध्ये लास्कर पारितोषिकाच्या मानकऱ्यांत दोघेही होते.

पुढे लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात केनेथ बॅगशॉ यांनी हे उपचार आणि एचसीजीचे मोजमाप पक्के बसवले. १९७३ पासून ब्रिटनमध्ये द्राक्षगर्भाची देशव्यापी नोंद ठेवली जाऊ लागली. गाठींनी भरलेल्या फुप्फुसात पहिल्याच जोरदार मात्रेने रक्तस्राव होऊन श्वास बंद पडू शकतो, हेही अनुभवाने कळले. म्हणून अशा रुग्णांना सुरुवातीला हलकी मात्रा देतात. गाठीत सुई घातली तरी रक्त वाहू शकते; त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या फुप्फुसात अशा गोल सावल्या दिसल्या, तर तुकडा काढण्याआधी रक्तातले एचसीजी तपासतात.