धार-देवासची रुग्णालये आणि त्यांचा पैसा

माळव्यातील धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे आधुनिक रुग्णालये उभी राहू लागली. तेव्हा जागा, बांधकाम आणि रोजचा खर्च या तिन्हींचा पैसा क्वचितच एका हातातून आला.

त्या काळी सर्वांत मोठी अडचण स्त्रियांच्या उपचाराची होती. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांनी यासाठी देशव्यापी निधी काढला आणि संस्थानिकांनी त्याला देणग्या दिल्या. धर्मप्रचार करणाऱ्यांना या निधीच्या नोकरीत जागा नव्हती. मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये स्त्रियांचे रुग्णालय निघाले. त्याच वर्षी डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांना कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री विभागासाठी नेमले होते, पण रुजू होण्याआधीच त्यांचे निधन झाले.

धारला मात्र पैसा आला तो कॅनडाहून. तेथील प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरला काम सुरू केले होते. डॉ. मार्गारेट ओहारा १८९१ मध्ये क्वीन्स विद्यापीठाची पदवी घेऊन माळव्यात आल्या आणि १८९५ मध्ये धारला गेल्या. महाराज आनंदराव पवार (तिसरे) यांनी मिशनला जागा दिली. बांधकामाचा आणि डॉक्टरांच्या पगाराचा भार ऑन्टारियोतील स्त्रियांनी उचलला. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या संस्थेच्या शाखा गावोगावच्या चर्चमध्ये होत्या. तिथे दर महिन्याला बैठक भरे, वर्गणी गोळा होई आणि हिंदुस्थानातून आलेली पत्रे वाचली जात. तीच पत्रे मासिक पत्रिकेतही छापली जात. रुग्णांची हकिगत लिहून पाठवणे हा त्यामुळे डॉक्टरांच्या कामाचाच भाग झाला होता, कारण पुढच्या वर्षीची वर्गणी तिच्यावर अवलंबून असे. हा पैसा धर्मप्रचाराच्या हेतूने येत होता, हे लपलेले नव्हते. तरी दुखणेकऱ्याला औषध मिळाले, हेही तितकेच खरे.

नव्या रुग्णालयाची कसोटी लवकरच लागली. १८९८ मध्ये आनंदराव वारले, गादीवर आलेले उदाजीराव अल्पवयीन होते, आणि लगेच १८९९-१९०० चा छप्पन्याचा दुष्काळ पडला. १९०१ च्या शिरगणतीत धार संस्थानची लोकसंख्या १,४२,११५ भरली. ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी होती. अशा वर्षी संस्थानचा सारा आटला असताना परदेशातली वर्गणी अडल्यानडल्याला उपयोगी पडली. दरबारचा दवाखानाही होताच, त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी सतराअठरा हजार वस्तीच्या धार शहरात दोन रुग्णालये होती. ओहारा १९२७ मध्ये निवृत्त झाल्या.

देवासची गोष्ट वेगळी. येथे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. थोरल्या पातीची वस्ती सुमारे ६२ हजार, धाकटीची ५५ हजार. एवढ्याशा उत्पन्नात दोन दरबार, दोन कारभार. थोरल्या पातीचे तुकोजीराव (तिसरे) कर्जात बुडाले आणि १९३३ मध्ये पाँडिचेरीला निघून गेले. त्यांचे चिटणीस राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी लिहिले आहे, की नवा राजवाडा पुरा होण्याआधीच त्याची पडझड सुरू झाली होती. बांधकामाची हौस आणि ते टिकवण्याची ऐपत यांतली ही तफावत राजवाड्यांइतकीच रुग्णालयांनाही नडते. इमारतीला देणगीदार मिळतो, मलमपट्टीला आणि झाडूवाल्याच्या पगाराला मिळत नाही.

१९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारत राज्यात विलीन झाली आणि दरबारी दवाखान्यांचा खर्च सरकारकडे आला. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडलेली होती. पुढे डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक केंद्र, हा निकष ठरला. धार जिल्ह्यात भिल्ल-भिलालांची वस्ती मोठी, म्हणून तेथे हा निकष महत्त्वाचा.

सरकारी पैसाही पुरेना, तेव्हा शेजारच्या इंदूरने नवा मार्ग काढला. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाला आणि महाराजा यशवंतराव रुग्णालयातल्या उंदरांची सगळ्यांना धास्ती वाटू लागली. धार-देवासचे गंभीर रुग्णही याच रुग्णालयात येतात. जिल्हा प्रशासनाने रुग्ण दुसरीकडे हलवले, इमारत रिकामी केली, कचरा उपसला आणि हजारो उंदीर मारले. खर्चासाठी लोकांकडून वर्गणी घेतली. पुढे रुग्णालय पुन्हा पहिल्यासारखे होऊ नये म्हणून रोगी कल्याण समिती स्थापन झाली. ऐपत असलेल्यांकडून शुल्क घ्यायचे, गरिबांना माफी द्यायची, मोकळ्या जागेचे भाडे मिळवायचे आणि तो पैसा त्याच रुग्णालयात खर्च करायचा, अशी तिची रीत. माफीचा कागद मिळवताना गरिबाचीच ओढाताण होते, हा या पद्धतीचा मोठा दोष आहे. मात्र जमलेला पैसा खजिन्यात न जाता तिथल्या तिथे दुरुस्तीला वापरता येऊ लागला, हा फायदा खरा होता.

मध्य प्रदेशाने ही पद्धत धार, देवाससह सर्व जिल्ह्यांत नेली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ती देशभर लागू केली. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत अशा समितीला रुग्ण कल्याण समिती म्हणतात.