पोज न देणारी मंडळी

आमच्या वर्ध्याला पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचे हे ठरलेले असते. सकाळी सेवाग्रामची बापूकुटी, दुपारी मगन संग्रहालय, संध्याकाळी पवनारला धाम नदीचा काठ. एवढ्यावर समाधान मानून पाहुणा परतला तर उत्तम. मुक्काम वाढवलाच, तर दुसऱ्या दिवशी मी त्याला बोर धरणाच्या वाटेवर नेतो. आता वाघ दिसणार म्हणून पाहुणा श्वास रोखून बसलेला असतो. मी त्याला एका रुईच्या झुडपापाशी उतरवतो आणि पाऊण तास नाकतोडा दाखवतो. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा हा नाकतोडा रुईच्या पानांवर जगतो, आणि त्याच्या पिल्लाला बोट लावले तर ते अंगावर पिचकारी मारते. बोट लावू नका, असे मी पाहुण्याला बजावून सांगतो. पाहुणा बोट लावतोच. त्यानंतर तो फार दिवस राहत नाही.

किड्यांचे फोटो काढणे हा माझा चाळीस वर्षांचा छंद. याला मॅक्रो फोटोग्राफी असे भारदस्त नाव आहे. घरात मात्र पहिल्यापासून ‘नाद’ हाच शब्द रूढ आहे. किडा जेवढा असेल तेवढीच त्याची प्रतिमा फिल्मवर उमटली, की शास्त्राप्रमाणे खरी मॅक्रो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. म्हणजे घरमाशी तिच्यात ऐसपैस बसते आणि वर दोनतीन पाहुण्या माश्यांची सोय होते.

वर्ध्यासारख्या ठिकाणी तुम्हाला हा नाद कुठून लागला, असे लोक विचारतात. जणू काही किडे फक्त पुण्यामुंबईला राहतात! माझे म्हणणे असे, की या छंदाचे कायदे वर्ध्यातच झाले. हसू नका, मला आधार आहे.

१९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. हे गजानन महाराजांचे शेगाव नव्हे. पण टपालखात्याला हा फरक समजेना आणि पत्रे तिकडे जाऊ लागली, म्हणून १९४० साली या गावाचे सेवाग्राम झाले. तर तिथे गांधीजींचा नात्याने नातू लागणारा कनू गांधी नावाचा विशीतला तरुण होता. त्याला आजोबांचे फोटो काढावेसे वाटू लागले. त्यासाठी आश्रमाजवळ पैसे नाहीत, असे उत्तर मिळाले. अखेर घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि त्यातून एक रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. मग गांधीजींनी परवानगी दिली, पण अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. मला पोज द्यायला सांगायचे नाही. आणि आश्रमाकडे खर्च मागायचा नाही.

या अटी पाळून कनू गांधींनी सुमारे दहा वर्षे फोटो काढले. गांधीजी वजनकाट्यावर उभे आहेत, टेलिफोन कानाला लावून बसले आहेत, असे जे आपल्याला आज बघायला मिळते ते त्या अटींसकट मिळालेले आहे.

आता याच अटी एखाद्या सुरवंटाच्या तोंडी घालून बघा. एकही शब्द बदलावा लागत नाही.

दुसरी अट आधी घेतो, कारण माणसाने तीच सगळ्यांत जास्त वेळा मोडली आहे. लंडनच्या रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ नावाचे पुस्तक काढले. तेव्हा कॅमेरा नव्हता. सूक्ष्मदर्शकातून बघायचे आणि हाताने चित्र काढायचे. त्यातली पिसू घडी उलगडून बघावी लागे, एवढी मोठी होती. पिसवेने फारसा त्रास दिला नसावा, पण मुंगीने हूकला घाम फोडला. पाय मेणात चिकटवावेत तर ती अंग पिळवटून घेई. मारावी तर शरीराचा आकार बिघडे. शेवटी त्याने तिला ब्रँडी पाजली! मुंगी पाय पसरून निपचित पडली, हूकने चित्र काढून घेतले आणि तासाभराने शुद्धीवर येऊन ती चालू लागली. ही पद्धत मला व्यक्तिशः दिलदारपणाची वाटते. पण आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. मुंगीच्या नावावर परमिट मिळते का, याची चौकशी अजून मी केलेली नाही.

पुढे फोटोग्राफी आली तरी तऱ्हा तीच. १८४० च्या सुमारास टॅलबॉट या इंग्रज गृहस्थाने उन्हावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांची छायाचित्रे घेतली. नुसते पंख हं. पंखाच्या मागे कीटक नसला की पंख कुठे जात नाही, हा त्यातला सोयीचा भाग. त्या काळी फोटोसाठी माणसेसुद्धा मान खिळवून बसवावी लागत, तिथे माशीला काय सांगणार?

माशीला सांगणारा भेटला तो १९१० साली. पर्सी स्मिथ त्याचे नाव. लंडनच्या सरकारी शिक्षण खात्यात कारकून. कचेरीतला कारकून आणि माशा यांचा संबंध आपल्याकडे वाक्प्रचारापुरताच आहे, पण या पठ्ठ्याने तो चांगला धरून ठेवला. त्याने माशीला हळूच उताणी अडकवली आणि तिच्या पायांवर इवलासा चेंडू दिला. माशी पायांनी तो गरगर फिरवू लागली. स्मिथने त्याचा चित्रपट केला आणि लोकांनी थिएटरात बसून माशीची कसरत पाहिली. माशीला इजा होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. असेलही. मला त्याच्या कल्पकतेचे कौतुक आहे, पण सेवाग्रामच्या कसोटीवर तो नापास.

ही परंपरा संपली म्हणावे तर तसेही नाही. अजून काही बहाद्दर किडा फ्रिजमध्ये ठेवतात आणि गारठला की पानावर बसवून फोटो काढतात. आमच्या घरी हे संभवत नाही. फ्रिजवर सौभाग्यवतींचा ताबा आहे आणि माझे डोळ्यांचे थेंबसुद्धा त्यात वशिल्याने राहतात. पण ते जाऊ द्या. असा फोटो सरावलेल्या नजरेला ओळखू येतो. किड्याचे पाय पानावर असतात, पण त्यांनी पान धरलेले नसते.

मग करायचे काय? तर थांबायचे. बापूकुटीत साप पकडण्याचा लांबलचक चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे, तो तुम्ही पाहिला असेल. साप निघाला की पकडायचा आणि दूर नेऊन सोडायचा. माझ्या मते तो चिमटा आणि कनू गांधींचा कॅमेरा ही एकाच घरातली अवजारे. पौषात आमच्याकडे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. तेव्हा उजाडता उजाडता धामच्या काठी जावे. गवताच्या पात्यावर चतुर बसलेला असतो, अंगभर दव, डोळ्यांवर दव. त्याचे रक्त आपल्यासारखे गरम नाही. ऊन लागून उडायचे स्नायू तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही. तो पोज देत नसतो, उन्हाची वाट बघत असतो. आपणही स्वेटरात हात खुपसून तीच वाट बघत असतो, तेवढ्यात फोटो होतो. आठ वाजता तो एका दिशेला जातो आणि मी चहाच्या दिशेला.

तिसरी अट खर्चाची. आमच्या आश्रमाचे, म्हणजे घराचे, धोरण याबाबतीत गांधीजींइतकेच स्पष्ट होते, आणि बिर्ला आमच्याकडे कधी आलेच नाहीत. माझा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. रोलवर बारा फोटो आणि जवळचे काहीच धड दिसायचे नाही. त्यावर मी जी फुलपाखरे टिपली ती फोटोत असल्याचे मला शपथेवर सांगावे लागे. रोलिफ्लेक्स एवढा नामांकित कॅमेरा, पण त्यालाही तीन फुटांच्या आतले वर्ज्य. शिवाय त्याला भिंगे दोन, एक बघायचे आणि दुसरे फोटो काढायचे. गांधीजी दूर उभे असताना याने काही बिघडत नाही. किडा नाकाशी आला की मात्र वरचे भिंग किडा बघते आणि खालचे शेजारच्या पानाचा फोटो घेते.

खास जवळच्या फोटोसाठी पहिले भिंग १९५५ साली हाइन्झ किलफिट या जर्मन माणसाने बाजारात आणले. मॅक्रो-किलार त्याचे नाव. त्याची किंमत विचारण्याचा प्रसंग सुदैवाने माझ्यावर आला नाही. मी एक जुना रशियन झेनिट कॅमेरा मिळवला आणि त्याचे भिंग उलटे बसवले. भिंग उलटे केले की ते दुरचे सोडून जवळचे बघू लागते, हा चमत्कार कोणीही करून बघावा. त्यासाठी लागणारी रिंग गावातल्या लेथवाल्याने करून दिली. हे कुठल्या मोटारीचे, असे त्याने तीनदा विचारले. नाकतोड्याचे आहे म्हटल्यावर त्याने पैसे आगाऊ घेतले.

फिल्म धुऊन देणाऱ्या एका स्टुडिओचे, नाव नको, मला वेगळेच प्रेम लाभले होते. छत्तीस फोटोंचा रोल द्यावा तर नऊ प्रिंट परत येत. बाकीच्यांचे काय, तर “ते नुसते किड्यांचेच आले होते, म्हणून काढले नाहीत. तुमचे पैसे वाचवले.” उरलेल्या नवांत आमच्या सौ.चे आठ आणि मागच्या भिंतीवरच्या पालीचा एक.

राहिला फ्लॅश. याविषयी १९४६ सालची पुण्याची गोष्ट सांगतात. अमेरिकन फोटोग्राफर मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्यासोबत फोटो काढायला आली. आधी सूत कातायला शिकून ये, असे तिला फर्मावण्यात आले. त्यानंतर मोजून तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले. तिसऱ्यावर निभावले.

किड्यांच्या बाबतीत मात्र फ्लॅशवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. इतक्या जवळून बघताना भिंगाचे छिद्र बारीक करून सोळावर आणले, तरी जेमतेम दोन मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळे नीट आले तर पाठ धुक्यात. छिद्र बारीक केले की उजेड कमी, उजेड कमी म्हणून वेळ जास्त, आणि तेवढ्या वेळात विदर्भाचा वारा ते पाते तीनदा हलवून जातो. फ्लॅशने हा सगळा तंटा एका लखलखाटात मिटतो. मी जेवणाच्या डब्याचे स्टीलचे झाकण धरून उन्हाचा कवडसा पाडतो. तत्त्व वगैरे म्हणाल तर तसे नाही. झाकणाला बॅटरी लागत नाही.

हे सगळे मी ज्या जिल्ह्यात करतो, तो कापसाचा जिल्हा. इथे किड्याचे कौतुक करणे म्हणजे सावकाराच्या मिशांचे कौतुक करण्यासारखे. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, बोंडअळी ही नावे इथल्या शाळकरी पोराला पाढ्यांआधी येतात. २००२ साली बीटी कापूस आला, तेव्हा आता बोंडअळीचे नाव उरत नाही असे वाटले होते. गुलाबी बोंडअळी ते सगळे पचवून २०१७ च्या हंगामात परत आली आणि विदर्भभर बोंडे पोखरून गेली. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. २०२० च्या मे महिन्यात आष्टी तालुक्यात टोळधाड उतरली. मार्चमध्ये करोनासाठी वाजवलेल्या थाळ्या लोकांनी पुन्हा बाहेर काढल्या, आणि तेवढे दोन दिवस किड्याचा फोटो काढणाऱ्याकडे कोणी वेडा म्हणून बघितले नाही.

एरवी बघतात. पोळा होऊन गेल्यावर एकदा देवळीच्या बाजूला एका वावरात मी पऱ्हाटीच्या पानाखाली डोके घालून बसलो होतो. आता कॅमेरा डिजिटल, म्हणजे स्टुडिओची कृपा संपलेली. पाठीला फवारणीचा पंप लावलेला शेतकरी येऊन बराच वेळ बघत उभा राहिला आणि त्याने सरळ मुद्द्याचे विचारले, “मास्तर, फोटू काढल्यानं मरते का जी थे?”

मी म्हटले, “मरत नाही भाऊ.”

“मंग कायले काढता?”

चाळीस वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर न देता त्याला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. पानाच्या मागे मावा चिकटला होता आणि त्यात एक काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरत होती. नुसत्या डोळ्यांना ती तांदळाएवढी. पडद्यावर बोटभर.

“हे तं मगरीवानी दिसते. याच्यासाठीच तं पंप भरला.”

“ढालकिड्याचं पिल्लू आहे. लाल पाठीवर काळे ठिपके असतात तो. पिल्लू दिसायला असंच. हे पानाला तोंड लावत नाही, मावा खातं. बघा.”

त्याने बघितले. अळीने एक मावा उचलला, चावून संपवला, दुसऱ्याकडे वळली. मोठी होईपर्यंत अशी एक अळी शेकड्यांनी मावा खाते, हे मी सांगणार होतो, पण सांगायची गरज पडली नाही. चौथ्या माव्याला त्याने पंप पाठीवरून उतरवून धुऱ्यावर ठेवला.

“म्हंजे हे आपल्या पार्टीतलं हाय!”

“हो.”

“अन् मी याले मारून राह्यलो आतालोक.” थोडा वेळ तो गप्प राहिला. मग माझ्या शेजारी सरीत गुडघे टेकून म्हणाला, “आनखी कोनकोन हाय आपल्या पार्टीत? दाखवा बरं.”

मग झाडाझाडाखाली जाऊन आम्ही पाने उलटी करू लागलो. केसाएवढ्या दांड्यांवर टांगलेली क्रायसोपाची अंडी निघाली, एक कोळी निघाला, ढालकिडे तर बरेच. बोंडअळीही निघाली. तिचा फोटो काढायचा नाही असे त्याने मला बजावले आणि बोंड तोडून पायाखाली घेतले. उन्हे डोक्यावर आली. धुऱ्यावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक बाई चालली होती. दोन वयस्क माणसे गुडघ्यांवर रांगताना बघून ती थांबली.

“का हारपलं जी?”

“काई नाई वैनी,” तो पान न सोडता म्हणाला, “आपले मानसं मोजून राह्यलो.”