जार म्हणजे शेजारी

कुवेतमधल्या सालमियातल्या घरात किराण्याची यादी करताना मी वर ‘जिन्नस’ लिहिते आणि खाली तूरडाळ, पोहे, गूळ. अरबी ‘जिन्स’ म्हणजे प्रकार, जात. फारसीमार्गे मराठीत येऊन तो वाण्याच्या दुकानातला जिन्नस झाला. इकडे त्याच ‘जिन्स’वरून ‘जिन्सिया’ झालं, म्हणजे नागरिकत्व. ‘बिदून जिन्सिया’ म्हणजे नागरिकत्वाशिवाय. १९५९च्या कुवेती नागरिकत्व कायद्यात ज्यांची नोंद झाली नाही, त्यांची मुलं-नातवंडंही आज नुसती ‘बिदून’ म्हणून ओळखली जातात. लाखाच्या घरातल्या माणसांची ओळख एका शब्दयोगी अव्ययावर येऊन थांबावी, हे मनाला फार लागतं.

‘वतन’ही असंच. आपल्याकडे ते पाटील-कुलकर्ण्यांचा पिढीजात हक्क, अरबीत मायभूमी. त्याच धातूवरून ‘मुवातिन’, म्हणजे नागरिक. बिदूनांना हा शब्द लागू होत नाही.

आपल्या ‘निर्वासित’मध्ये निर् + वस् आहे. मूळ अर्थ ‘घालवून दिलेला’. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत, आजच्या उल्हासनगरात, आलेल्या सिंधी कुटुंबांना मराठीने हेच नाव दिलं. त्यात घालवणारा दिसतो. ‘शरणार्थी’त आसरा मागणारा दिसतो; अरबी ‘लाजिअ’चाही अर्थ आसऱ्याला आलेला. आसरा देणारा मात्र या तिन्ही शब्दांत कुठेच नाही.

तो सापडतो ‘जार’मध्ये. संस्कृतातल्या जाराशी याचं नातं नाही. अरबी ‘जार’ म्हणजे शेजारी. त्याच धातूवरून ‘अजारा’, म्हणजे अभय दिलं, आणि ‘मुजीर’, म्हणजे अभय देणारा. वाळवंटातल्या टोळ्यांमध्ये तंबूच्या आश्रयाला आलेला माणूसही ‘जार’च म्हटला जाई. शेजार आणि संरक्षण या भाषेत एकाच मुळावर वाढले आहेत.

कायद्यात मात्र ते मूळ सुकलं आहे. १९५१च्या निर्वासितविषयक करारात कुवेत नाही, इराक नाही, सौदी अरेबिया नाही. समोरच्या किनाऱ्यावरचा इराण १९७६ पासून आहे. अरब लीगने १९९४ मध्ये निर्वासितांसाठी स्वतःचा करार संमत केला, पण तो अमलात आलाच नाही. म्हणजे जीव वाचवायला निघालेल्या माणसाचं काय व्हायचं, हे तो कोणती सरहद्द ओलांडतो यावर ठरतं.

आसरा मागायची वेळ कुवेतवरही आली होती. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी रणगाडे आत शिरले. अमीर सौदीत गेले, निर्वासनातलं सरकार ताइफमध्ये बसलं, हजारो कुवेती कुटुंबं शेजाऱ्यांकडे राहिली. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय, त्यांत आपली मराठी घरंही, मायदेशी परतले. बहुतेकजण इराकमधून जॉर्डनला पोचून अम्मानहून विमानाने. जॉर्डनचीही १९५१च्या त्या करारावर सही नव्हती, आपल्या भारताचीही नाही. दारं उघडली ती माणुसकीने. पण माणुसकी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही: युद्ध संपल्यावर कुवेतमधल्या लाखो पॅलेस्टिनींचा इथला आसरा तुटला.

म्हणून शेजारी देशांचा कायदा एक हवा. ‘कायदा’ हा शब्दही अरबीच. ‘काइदा’ म्हणजे पाया, ज्यावर घर बसतं. तो पाया सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल, तेव्हाच शेजारी पुन्हा ‘मुजीर’ होतील.